स्नायूंच्या विजेतून बोटांचा माग

माणसाच्या बोटांत हाडं हलवणारा एकही स्नायू नाही. पेटीवर धावणारी, सुईत दोरा ओवणारी, मोबाइलवर टंकणारी बोटं ज्यांच्या जोरावर वाकतात आणि सरळ होतात ते मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, म्हणजे अग्रबाहूत असतात. बारीक कामांना हातभार लावणारे उरलेले स्नायू तळहातात असतात. अग्रबाहूतल्या स्नायूंची ओढ लांबलचक कंडरांवाटे मनगट ओलांडून बोटांच्या हाडांपर्यंत पोचते. डाव्या हाताने उजवा अग्रबाहू कोपराच्या जरा खाली धरून उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवली, की कातडीखालचा हा कारभार हाताला जाणवतो.

आपल्या विषयाची सारी शक्यता या रचनेत आहे. यंत्रात सापडून किंवा अपघातात पंजा गेला, तरी बोटं हलवणारे स्नायू अनेकदा मागे उरतात. मूठ वळायची असं मनात आणलं की मेंदूचा हुकूम त्यांच्यापर्यंत येतो, ते आकसतात आणि आकसताना वीज निर्माण करतात. ओढायला बोटं मात्र नसतात. ही वीज कातडीवर लावलेल्या इलेक्ट्रोडांनी टिपायची आणि तिच्यावरून कोणतं बोट, किती अंशांनी, कोणत्या क्षणी वाकणार होतं हे ठरवायचं, एवढंच या पुस्तकाचं काम. विजेच्या या नोंदीला इलेक्ट्रोमायोग्राम म्हणतात. दवाखान्यातल्यासारखंच आपणही तिला ईएमजी म्हणू.

वर्तमानपत्रांत 'विचारांवर चालणारा हात' अशा मथळ्यांच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यांत बहुधा एक टक्केवारी असते, नव्वदीच्या पुढची. ती खोटी नसते, पण ती कुठे आणि कोणाच्या हातावर मोजली हे बातमीत क्वचितच सापडतं. हे पुस्तक लिहिण्यामागे एक ठाम मत आहे: ईएमजी आपल्याला स्नायूचा प्रयत्न सांगते, बोटाची जागा सांगत नाही. प्रयत्नापासून जागेपर्यंत जायला तर्क लागतो, आणि तो बरोबर ठरला की नाही याचा निवाडा रोज तो हात वापरणाऱ्या माणसाच्या अंगावरच होऊ शकतो.

विषयाची सुरुवात इटलीतल्या बोलोन्यात होते. लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरचे आपले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले आणि प्राण्याच्या अंगात स्वतःची वीज असते असा दावा केला. अलेस्सांद्रो व्होल्टा यांना तो पटला नाही. वीज दोन वेगळ्या धातूंच्या स्पर्शातून येते, बेडकाचा पाय ती फक्त दाखवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वादातून एकीकडे बॅटरी जन्माला आली आणि दुसरीकडे स्नायूंची वीज मोजून दाखवण्याची ईर्षा. १८४९ च्या सुमारास बर्लिनमध्ये एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी माणसाच्या बाबतीत ते साधलं. दोन्ही हातांची बोटं मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून एका हाताचे स्नायू आवळायला सांगितले की त्यांच्या गॅल्व्हानोमीटरची सुई जराशी हलायची. मध्ये कातडी आडवी येते हे ओळखून त्यांनी तिच्यावर फोड आणून वरचा थर काढला. मग सुई कितीतरी जास्त हलली. आज आपण फोड आणत नाही, स्पिरिटच्या बोळ्याने कातडी पुसतो. पण अडथळा तोच आहे.

विसाव्या शतकात साधनं भराभर सुधारली. १९२२ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट गॅसर आणि जोसेफ अर्लँगर यांनी चेतातंतूंचे संकेत ऑसिलोस्कोपवर पाहिले. १९२९ मध्ये एडगर एड्रियन आणि डेटलेव्ह ब्राँक यांनी सुईच्या आत बसवलेला इलेक्ट्रोड वापरून जिवंत स्नायूत एकेका चेतापेशीचे ठोके वेगळे ऐकले. त्यानंतर ही वीज यंत्राला जोडायची कल्पना सुचायला वेळ लागला नाही. १९४० च्या दशकात म्यूनिकमध्ये राइनहोल्ड राइटर यांनी ईएमजीवर उघडझाप करणारा कृत्रिम हात तयार केला, आणि १९४८ साली त्याचं वर्णन छापलं. ट्रान्झिस्टर आल्यावर हे साहित्य अंगावर वागवण्याइतकं लहान झालं. १९६० च्या सुमारास सोव्हिएत संघात कोब्रिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या हाताने जगाचं लक्ष वेधलं.

या हातांचं तत्त्व साधं होतं. एक इलेक्ट्रोड वाकवणाऱ्या स्नायूंवर, दुसरा सरळ करणाऱ्यांवर. पहिल्याची वीज वाढली की पंजा मिटतो, दुसऱ्याची वाढली की उघडतो. आज जगभर वापरात असलेल्या कितीतरी मायोइलेक्ट्रिक, म्हणजे स्नायूंच्या विजेवर चालणाऱ्या, हातांत हीच पद्धत आहे, कारण ती क्वचितच दगा देते. तिची मर्यादाही उघड आहे: पाच बोटांचा कारभार 'उघड' आणि 'मीट' या दोन शब्दांवर येतो. २००७ साली स्कॉटलंडच्या टच बायोनिक्स कंपनीचा आय-लिंब हात आला. त्यात प्रत्येक बोटाला स्वतंत्र मोटर होती. म्हणजे बोटं तयार होती, त्यांना स्वतंत्र हुकूम देण्याची सोय तितकी तयार नव्हती. संशोधक गेली काही दशकं ही दरी बुजवत आहेत.

ती बुजवणं अवघड का, हे समजायला स्नायूत डोकवावं लागतं. मज्जारज्जूतली एक चेतापेशी स्नायूतल्या अनेक तंतूंना एकदम हुकूम देते. हाताच्या बारीक स्नायूंत एका पेशीच्या ताब्यात शंभरापासून काहीशे तंतू असतात, पोटरीत हजाराहून अधिक. पेशी आणि तिचे तंतू मिळून एक चालक एकक होतं. हुकूम आला की एककाच्या साऱ्या तंतूंवरून सेकंदाला साधारण ४ मीटर वेगाने विजेची लाट धावते. जोर वाढवायला शरीराकडे दोन उपाय आहेत: आणखी एककं कामाला लावायची, किंवा चालू एककांचे ठोके वाढवायचे. हे ठोके सेकंदाला साधारण ८ पासून ३०-४० पर्यंत असतात. या सगळ्या लाटा मांसातून, चरबीतून आणि कातडीतून वर येतात आणि वाटेत एकमेकींत मिसळतात.

गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक भिंतीपलीकडे वाजतं आहे, आणि भिंतीला कान लावून कोणत्या वादकाचं टिपरू केव्हा पडलं ते सांगायचं आहे, असं समजा. जवळचे ढोल मोठे ऐकू येतात, लांबचे पुसट. एकाच क्षणी पडलेले ठोके मिसळून जातात. भिंत जाड असली तर सगळंच मंद. कातडीवरचा इलेक्ट्रोड याच अवस्थेत असतो. त्याच्या हाती येणारा संकेत काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंतचा. त्याचा उपयुक्त भाग २० ते ५०० हर्ट्झ या पट्ट्यात, आणि आपल्या भिंतींतल्या वायरांतून धावणारी ५० हर्ट्झची वीज नेमकी त्या पट्ट्याच्या आत. ती सरळ कापून टाकली तर तिच्यासोबत खरा संकेतही थोडा जातो. म्हणून चांगल्या मोजणीचं अर्धं श्रेय फिल्टरपेक्षा नीट चिकटवलेल्या इलेक्ट्रोडाला आणि दोन इलेक्ट्रोडांमधला फरक मोजणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला जातं.

बोटांची रचनाही काम सोपं करत नाही. चार बोटं वाकवणारा एक स्नायू वरच्या थरात आहे, दुसरा त्याच्या खाली खोलवर. अंगठ्याचं टोक वाकवणारा स्नायूही खोल. कातडीवरच्या इलेक्ट्रोडाला वरच्यांचा आवाज मोठा येतो, खोलवरच्यांचा कुजबुजीसारखा. सरळ करण्याच्या बाजूला तर्जनी आणि करंगळी यांना सामाईक स्नायूखेरीज स्वतःचा एकेक स्नायू आहे. मधलं बोट आणि अनामिका यांना बहुधा नाही. शिवाय हाताच्या पाठीवर या कंडरा एकमेकींना पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. मधलं बोट दुमडून टेबलावर टेकवलं तर अनामिका एकटी उचलता येत नाही, ती यामुळे. ज्या बोटाला निरोगी हातातही पूर्ण स्वातंत्र्य नाही, त्याची विजेतली स्वतंत्र खूण शोधायची म्हणजे कष्ट आलेच.

सर्वांत मोठी अडचण मात्र प्रयत्न आणि जागा यांच्यातल्या फरकाची. पाण्याचा पेला घट्ट धरला की बोटं जराही हलत नाहीत, पण ईएमजी जोरात असते. हात मांडीवर सैल टाकला की बोटं आपोआप अर्धवट वाकलेली राहतात, आणि ईएमजी जवळजवळ गप्प असते. पहिल्या वेळी संकेत आहे, हालचाल नाही. दुसऱ्या वेळी बोट वाकलेलं आहे, संकेत नाही. मनगट फिरवलं की कातडीखाली स्नायूच सरकतात, आणि मघाशी एका स्नायूवर असलेला इलेक्ट्रोड आता शेजारच्यावर असतो. हात वर उचलला की हाताचं वजन पेलणारे स्नायू जागे होतात. घाम येतो, स्नायू दमतात, आणि दमलेल्या स्नायूच्या संकेतातल्या वारंवारता खाली सरकतात. कोकणातल्या मे महिन्यातली दुपार आणि वातानुकूलित प्रयोगशाळा या दोन ठिकाणी एकाच माणसाचा संकेत सारखा राहील, असं धरून चालता येत नाही.

यातून वाट काढणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन पंथ आहेत. पहिला पंथ ठरावीक हालचालींची यादी करतो आणि संकेत त्यांतल्या कोणत्या हालचालीचा ते ओळखतो. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठात बर्नार्ड हजिन्स, फिलिप पार्कर आणि रॉबर्ट स्कॉट यांनी १९९३ मध्ये त्याचा भक्कम पाया घातला. संकेताच्या छोट्या छोट्या तुकड्यांतून त्यांनी साधी लक्षणं काढली: सरासरी उंची किती, शून्यरेषा किती वेळा ओलांडली, चढाचा उतार किती वेळा झाला, रेषेची एकूण लांबी किती. ही लक्षणं न्यूरल नेटवर्कला दिली की ते हालचाल ओळखायला शिकतं. नवी पद्धत मांडणारे आजही आधी या लक्षणांशी तुलना करतात. हा पंथ आता प्रयोगशाळेबाहेर आला असून त्यावर चालणाऱ्या नियंत्रणप्रणाली बाजारात मिळतात.

दुसरा पंथ यादी मानत नाही. प्रत्येक सांध्याचा कोन दर क्षणी किती, याचा सलग अंदाज त्याला हवा असतो. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नितीश ठाकोर आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी २००८ साली त्वचेवरच्या ईएमजीतून बोटांची स्थिती सलग उलगडण्याचं काम मांडलं. तेव्हापासून साध्या रेषीय समीकरणापासून कालमन फिल्टरपर्यंत आणि आता खोल न्यूरल नेटवर्कपर्यंत अनेक साधनं वापरून झाली. आणखी एक वाट इलेक्ट्रोडांच्या दाट जाळीतून जाते. आलेश होलोबार, दारिओ फरीना आणि इतरांनी अशा जाळीवरच्या नोंदींतून एकेका चालक एककाचे ठोके वेगळे काढण्याची गणितं विकसित केली. भिंतीआडच्या पथकातल्या निदान काही वादकांना त्यामुळे नाव-गाव मिळालं.

वेळेचं गणितही कडक आहे. संकेत उमटल्यानंतर स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचायला दहाच्या पटींत मोजण्याइतके मिलिसेकंद लागतात. ही सवलत निसर्गाने दिलेली. पण खात्रीचा अंदाज करायचा तर संकेताचा लांब तुकडा लागतो, आणि लांब तुकडा म्हणजे उशीर. कृत्रिम हातात हा उशीर साधारण १०० ते १२५ मिलिसेकंदांच्या आत ठेवावा, असं २००७ च्या एका अभ्यासातून पुढे आलं. उशीर वाढला की हात दुसऱ्याचा वाटू लागतो. प्रत्येक पद्धतीचा मूळ सौदा अचूकता आणि तत्परता यांच्यातलाच असतो.

आता अंदाज बरोबर आला हे कसं ठरवायचं? शिकणाऱ्या गणिताला खरी उत्तरं दाखवावी लागतात. निरोगी माणसाच्या हातात सेन्सर लावलेला हातमोजा घातला की सांध्यांचे कोन मिळतात. पण ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याला बोटंच नाहीत; मोजा कशावर घालणार? मग त्याला दोन्ही हातांनी आरशातल्या प्रतिबिंबासारखी एकच हालचाल करायला सांगतात आणि मोजा शाबूत हातावर घालतात. न दिसणारं बोट दिसणाऱ्या बोटाइतकंच वाकलं, असं इथे गृहीत धरावं लागतं. दोन्ही हात गेलेल्यांना तेवढाही आधार नाही. गरजवंताच्या बाबतीतच खरं उत्तर हाती नसतं, हा या क्षेत्रातला सर्वांत अवघड पेच आहे. पुस्तकात मी तो वारंवार मांडला आहे.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. मान्फ्रेदो अत्झोरी, हेनिंग म्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधून निनाप्रो नावाचा नोंदींचा संग्रह सर्वांसाठी खुला केला. त्याच्या एका भागात ४० धडधाकट माणसांच्या नोंदी आहेत, दुसऱ्यात हात गमावलेल्या ११ जणांच्या. हातावर १२ इलेक्ट्रोड, आणि ओळखायच्या हालचाली ५० च्या घरात. २०१४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निकालांत धडधाकट माणसांच्या बाबतीत ओळख सुमारे ७५ टक्के वेळा बरोबर आली, आणि हात गमावलेल्यांच्या बाबतीत सुमारे ४६ टक्के. पन्नासातली एक हालचाल निव्वळ नशिबाने ओळखली जाण्याची शक्यता २ टक्के, हे पाहता ४६ हा आकडा लहान नाही. पण दोन आकड्यांमधलं अंतर विसरता येत नाही. हालचालींची यादी आठ-दहावर आणली की टक्केवारी नव्वदीपार जाते. बातमीतला आकडा बहुधा तिथला असतो.

टक्केवारीपलीकडची कसोटी वापरणाऱ्यांच्या घरी लागते. एलेन बिडिस आणि टॉम चाऊ यांनी पंचवीस वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा २००७ मध्ये मांडला. त्यात विजेवर चालणारे हात वापरणं सोडून दिलेल्या प्रौढांचं प्रमाण सरासरी २३ टक्के निघालं, मुलांचं ३५ टक्के. वजन, गरम होणं, वारंवार चार्जिंग, हाती काय लागलं हे न जाणवणं, अशी सोडण्याची कारणं कुणाही वापरणाऱ्याशी बोललं की कळतात. सकाळी हात चढवताना इलेक्ट्रोड अर्ध्या बोटाने सरकला म्हणून कालचं सगळं प्रशिक्षण वाया जाणं, हे त्यांतलंच एक.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध जुना आहे. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांसाठी काम करतं आहे. मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. आपल्याकडे हात जातो तो कडबाकुट्टीत, मळणीयंत्रात, गुऱ्हाळाच्या चरकात, कारखान्यातल्या पॉवर प्रेसखाली. जाणारा हात बहुधा कमावत्या माणसाचा असतो, आणि परदेशातून आणलेल्या पाच बोटांच्या हाताची किंमत अनेक लाखांत जाते. धूळ, घाम, अनियमित वीज आणि जड काम यांत टिकेल असा, दोन-चार इलेक्ट्रोडांवर चालणारा, तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारा हात हे आपल्या अभियंत्यांपुढचं आव्हान आहे. त्याला लागणारं गणित बरंचसं उपलब्ध आहे. साहित्य, सॉकेट आणि सेवा यांचा मेळ अजून घालायचा आहे.

या विषयाला गेल्या काही वर्षांत आणखी एक दार उघडलं. फेसबुकने २०१९ मध्ये कंट्रोल-लॅब्ज ही कंपनी घेतली. मनगटावरच्या पट्ट्यातून ईएमजी टिपून संगणकाला हुकूम देण्याचं तिचं काम २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. हजारो माणसांच्या नोंदींवर शिकवलेलं हे गणित पूर्वी न पाहिलेल्या माणसाच्या मनगटावरही, वेगळं प्रशिक्षण न देता, चाललं. नुसतं लिहिल्यासारखी बोटं हलवून मिनिटाला सुमारे २१ शब्द उमटवता आले. त्याच वर्षी असा पट्टा चष्म्यासोबत विक्रीलाही आला. हात शाबूत असलेल्या ग्राहकांचा पैसा या तंत्रात आला, तर इलेक्ट्रोड आणि चिप स्वस्त होतील आणि कृत्रिम हातांनाही त्याचा लाभ मिळेल, अशी आशा ठेवायला जागा आहे. मात्र स्नायूंच्या नोंदी म्हणजे शरीराची खासगी माहिती. ती कोणाच्या ताब्यात राहावी, याचा विचार पट्टा मनगटावर चढवण्याआधी व्हायला हवा.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्या भागात शरीर: स्नायू, कंडरा, चेतातंतू. दुसऱ्यात मोजणी: इलेक्ट्रोड, अ‍ॅम्प्लिफायर, गोंगाट. तिसऱ्यात गणित: लक्षणं, वर्गीकरण, सांध्यांच्या कोनांचे सलग अंदाज. चौथ्यात माणूस: चाचणी, सराव, किंमत, नकार. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी तिसरा भाग चाळला तरी चालेल. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी चौथा वगळू नये, कारण त्यांच्या अभ्यासक्रमात तोच बहुधा नसतो. बारावीपर्यंतचं विज्ञान झालेल्या कुणालाही पहिले दोन भाग सहज वाचता येतील.

वाचकाला एकच विनंती. यापुढे बोटांच्या हालचाली ओळखणाऱ्या एखाद्या यंत्राची बातमी वा शोधनिबंध हाती आला, तर टक्केवारीकडे वळण्याआधी चार गोष्टी तपासा: चाचणी झाली तो हात कोणाचा होता, इलेक्ट्रोड काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावल्यावर काय झालं, हात टेबलावर टेकलेला होता की मोकळा, आणि माणूस त्या क्षणी खरंच काही उचलत होता की पडद्यावरची सूचना पाहून बोट हलवत होता. या चारांची उत्तरं दिलेली नसतील, तर तो आकडा कितीही मोठा असला तरी त्यावर कोणाला हात देण्याचं आश्वासन देऊ नका.